स्पिंडलची थरथर आणि स्वावलंबनाचा दावा

केंद्रीय अवजड उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये यंत्रसामग्रीच्या सुरक्षिततेसंबंधी एक सर्वसमावेशक आदेश अधिसूचित केला. लेथ, मशीनिंग सेंटर, ग्राइंडिंग मशीन अशा मशीन टूलचा, म्हणजेच यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा, त्यात समावेश होता. आयात केलेली आणि देशात बनलेली अशी दोन्ही यंत्रे भारतीय मानक ब्युरोच्या कक्षेत आणणारा हा आदेश वर्षभरात लागू व्हायचा होता. उद्योजकांनी मुदत वाढवून मागितली, आणि २०२५ मध्ये अंमलबजावणी एक वर्षाने पुढे ढकलण्यात आली. या काळात जी चर्चा झाली ती परवाने, कागदपत्रे, आयातीची कोंडी आणि लहान कारखानदारांवर पडणारा बोजा यांभोवतीच फिरत राहिली. ती अनाठायी होती असे नाही. परंतु एक मूलभूत प्रश्न त्यात कोठेच उपस्थित झाला नाही. जे यंत्र सुरक्षित आहे, ते अचूकही आहे काय? आणि आज अचूक असलेले यंत्र तीन वर्षांनी तसेच राहील काय?

या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या रंगरंगोटीत वा संगणकीय पडद्यात शोधून सापडणार नाही. ते त्याच्या स्पिंडलमध्ये आहे. मशीन टूल उद्योगाच्या स्वावलंबनाच्या गोष्टी गेली काही वर्षे मोठ्या हिरिरीने केल्या जात आहेत. भांडवली वस्तूंच्या क्षेत्राची स्पर्धाक्षमता वाढविण्याच्या योजनेचा दुसरा टप्पा जानेवारी २०२२ मध्ये १,२०७ कोटी रुपयांच्या तरतुदीसह जाहीर झाला. देशी यंत्रनिर्मात्यांनी प्रगती केली आहे, हेही निर्विवाद. तथापि, स्वावलंबन मोजण्याची जी फूटपट्टी वापरली जाते, म्हणजे किमतीचे किती टक्के सुटे भाग देशात बनले, ती अपुरी आहे. खरी कसोटी आहे ती एकसारखेपणाची. एक उत्तम स्पिंडल बनविणे हे कौशल्य झाले. हजारावा स्पिंडल पहिल्यासारखाच बनविणे हा उद्योग झाला. या दोहोंतील अंतर कंपनांच्या भाषेत स्पष्ट वाचता येते.

एकाच साच्याची दोन यंत्रे

स्पिंडल म्हणजे यंत्रातील फिरणारा मुख्य दांडा. मिलिंगच्या यंत्रात त्याच्या टोकाला कापणारे टूल बसते, लेथमध्ये जॉब धरणारा चक. कापण्याचे सारे बल याच दांड्यातून बेअरिंगांवर आणि तेथून यंत्राच्या सांगाड्यावर जाते. सांगाडा कितीही भक्कम असो, संगणकीय नियंत्रण कितीही आधुनिक असो; दांडा थरथरला की ती थरथर जशीच्या तशी जॉबच्या पृष्ठभागावर उमटते.

भोसरी, चाकण, शिरोली किंवा सातपूर येथील कोणत्याही अनुभवी फोरमनला एक गोष्ट ठाऊक असते. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, एकाच वर्षी घेतलेली दोन यंत्रे शेजारी उभी असतात. दोहोंवर तोच प्रोग्रॅम, तेच टूल, तोच धातू. एक यंत्र शांतपणे काम करते, तर दुसरे त्याच वेगाला किंचाळू लागते. मग दुसऱ्या यंत्रावरील कामगार वेग कमी करतो, कापाची खोली घटवितो आणि काम पुढे ढकलतो. यंत्राच्या माहितीपत्रकात दोहोंची क्षमता एकच छापलेली असते. प्रत्यक्षात त्यांतील एक यंत्र मालकाला कायमचे महाग पडलेले असते. हा तोटा हिशेबाच्या वहीत स्वतंत्रपणे कोठेच दिसत नाही. तो झिजलेल्या टूलच्या खर्चात, परत आलेल्या मालात आणि हुकलेल्या तारखांत विरघळून जातो.

असे का घडते, हे समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाचे धोरणात्मक महत्त्व ध्यानात येणार नाही.

तीन कारणे

पहिले कारण तोलाचे. फिरणाऱ्या कोणत्याही वस्तूचे वस्तुमान अक्षाभोवती तंतोतंत समान वाटलेले नसते. आंतरराष्ट्रीय मानकांत तोलाच्या प्रती ठरविल्या आहेत. त्यांतील जी २.५ ही प्रत मशीन टूलच्या संदर्भात नेहमी कानावर पडते. मिनिटाला १२,००० फेरे घेणाऱ्या स्पिंडलला ही प्रत लावली, तर वस्तुमानाचा मध्य अक्षापासून जास्तीत जास्त दोन मायक्रॉन ढळलेला चालतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. हे दोन मायक्रॉन क्षुल्लक वाटतील. पण फिरणाऱ्या भागाचे वजन दहा किलो धरले, तर या वेगाला बेअरिंगवर सुमारे तीन किलो वजनाइतका धक्का सेकंदाला दोनशे वेळा फिरत राहतो. वेग दुप्पट झाला की हाच धक्का चौपट होतो. जुन्या काळी हजार-दोन हजार फेऱ्यांच्या यंत्रात जी चूक पोटात घातली जाई, ती आजच्या वेगवान यंत्रात पोटात घालता येत नाही.

दुसरे कारण बेअरिंगांचे. स्पिंडलच्या पुढच्या बाजूस दोन किंवा अधिक, मागच्या बाजूस एक-दोन अशी कोनीय स्पर्शाची बेअरिंगे बसविलेली असतात आणि बसवितानाच त्यांना एकमेकांवर ठरावीक दाब दिला जातो. त्याला प्रीलोड म्हणतात. दाब कमी पडला तर दांडा सैल राहतो, गोळ्या घरंगळण्याऐवजी घसरतात. दाब जास्त झाला तर घर्षणाने उष्णता वाढते, आतील कडे प्रसरण पावते, दाब आणखी वाढतो, आणि हे दुष्टचक्र कधीकधी बेअरिंग जळेपर्यंत थांबत नाही. योग्य दाबाची पट्टी अतिशय अरुंद असते. ती साधायची म्हणजे बेअरिंगांमधील अंतर राखणाऱ्या कड्यांच्या दोन्ही बाजू मायक्रॉनच्या हिशेबात समांतर घासाव्या लागतात, नट ठरलेल्याच बलाने आवळावा लागतो, ग्रीस तोलून भरावे लागते आणि हे सारे धूळविरहित, स्थिर तापमानाच्या खोलीत करावे लागते. नवा स्पिंडल थेट कामाला जुंपून चालत नाही. ग्रीस नीट पसरेपर्यंत तो टप्प्याटप्प्याने वेग वाढवीत फिरवावा लागतो.

तिसरे कारण वेग आणि उष्णता यांचे. थांबलेल्या स्पिंडलचे वर्तन आणि धावत्या स्पिंडलचे वर्तन सारखे नसते. वेग वाढला की गोळ्या बाहेर फेकल्या जाऊ पाहतात, त्यांचा स्पर्शकोन बदलतो आणि बेअरिंगचा ताठपणा घटतो. म्हणूनच उच्च वेगाच्या स्पिंडलमध्ये सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकच्या गोळ्या वापरल्या जातात. त्यांचे वजन पोलादी गोळ्यांच्या जेमतेम चाळीस टक्के असते. उष्णतेची गोष्टही अशीच. तीनशे मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा दहा अंशांनी तापला, तर तो सुमारे पस्तीस मायक्रॉनने लांबतो. मराठवाड्यात वा विदर्भात एप्रिलमधील पहाट आणि दुपार यांत असलेला फरक पाहता, वातानुकूलन नसलेल्या कारखान्यात सकाळचा जॉब आणि दुपारचा जॉब वेगवेगळा का येतो, याचे उत्तर येथे मिळते.

किंचाळणाऱ्या धातूचे गणित

या तिन्हींहून अधिक उपद्रवी ठरते ती कापतानाची थरथर. कारखान्यात तिला चॅटर म्हणतात. वैज्ञानिक व्यवस्थापनाचे जनक म्हणून ओळखले जाणारे फ्रेडरिक टेलर यांनी धातुकर्तनावरील आपल्या १९०७ च्या प्रसिद्ध प्रबंधात, कारागिरापुढील सर्वांत गूढ प्रश्न म्हणून या थरथरीची गणना केली होती. त्यानंतर तब्बल अर्धशतक हे गूढ तसेच राहिले. १९५० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात जिरी टलुस्टी आणि इंग्लंडमध्ये एस. ए. टोबायस यांनी स्वतंत्रपणे त्याची उकल केली.

उकल अशी की, टूलचा एक दात धातू कापून जाताना पृष्ठभागावर सूक्ष्म लाटा ठेवून जातो. मागून येणारा दात त्या लाटांवरून कापतो. त्यामुळे निघणाऱ्या छिलक्याची जाडी कमीजास्त होते, बल कमीजास्त होते आणि टूल आणखी थरथरते. आधीच्या चुकीवर नंतरची चूक वाढत जाते. परंतु मागच्या दाताची लाट पुढच्या दाताच्या लाटेशी नेमकी जुळली, तर छिलक्याची जाडी एकसारखी राहते आणि थरथर वाढत नाही. याचा अर्थ असा की, काही विशिष्ट वेगांना यंत्र एरवीपेक्षा कितीतरी खोल कापू शकते. कोणत्या वेगाला किती खोल कापता येईल याचा आलेख काढता येतो. १९९५ मध्ये युसूफ अल्टिंटास आणि एरहान बुडाक यांनी तो गणिताने झटपट काढण्याची रीत दिली. प्रगत देशांतील विमाननिर्मिती कारखान्यांत अॅल्युमिनियमचे मोठे सुटे भाग ज्या वेगाने कोरले जातात, त्यामागे हेच ज्ञान आहे.

आता एकसारखेपणाचा मुद्दा येथे कसा येतो ते पाहावे. समजा, एका स्पिंडलची टूलसह नैसर्गिक वारंवारता सेकंदाला ८०० कंपने आहे आणि टूलला चार दात आहेत. गणित सांगते की, मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास हे यंत्र सर्वांत खोल कापेल. शेजारच्या यंत्रात बेअरिंगांवरील दाब थोडा कमी बसला आणि एकूण ताठपणा दहा टक्क्यांनी घटला, एवढेच गृहीत धरू. वारंवारता ७६० च्या आसपास येते आणि अनुकूल वेग ११,४०० वर सरकतो. पहिल्या यंत्रासाठी काळजीपूर्वक ठरविलेला १२,००० चा वेग दुसऱ्या यंत्रावर किंचाळण्याचा वेग ठरू शकतो. म्हणजे शास्त्र उपलब्ध आहे, संगणक उपलब्ध आहे, प्रोग्रॅम लिहिणारा अभियंताही उपलब्ध आहे. पण स्पिंडल एकसारखे नसतील तर या साऱ्या ज्ञानाचा लाभ एका यंत्रापलीकडे जात नाही. प्रत्येक यंत्रासाठी पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागते. चाचपडायला वेळ नसलेला लहान कारखानदार मग सर्वच यंत्रे सावकाश चालवितो. देशातील कित्येक यंत्रे क्षमतेच्या खाली चालतात, त्याचे हे एक न दिसणारे कारण आहे.

वारसा आणि विस्मरण

भारताने या क्षेत्रात सुरुवात उशिरा केली असे म्हणता येणार नाही. किर्लोस्कर समूहाने १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करची स्थापना केली आणि तेथील लेथ देशभरातील कारखान्यांत व तंत्रशाळांत पोहोचले. १९५३ मध्ये बंगळूर येथे स्विस सहकार्याने हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये त्याच शहरात मशीन टूलच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था स्थापन झाली. ती आज केंद्रीय उत्पादन तंत्रज्ञान संस्था म्हणून कार्यरत आहे. पुढे म्हैसूर किर्लोस्कर बंद पडली, हिंदुस्थान मशीन टूल्सची रया गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीच्या घड्याळ कंपन्यांबरोबर तिच्या बेअरिंग कंपनीलाही टाळे लावण्यास मंजुरी दिली. घड्याळांसाठी जनतेने अश्रू ढाळले. बेअरिंगांसाठी कोणी ढाळले नाहीत.

कारखाना बंद पडतो तेव्हा इमारत उरते, यंत्रे भंगारात जातात. पण सर्वांत मोठी हानी होते ती हातातल्या ज्ञानाची. बेअरिंग किती आवळल्यावर बोटाला कसे जाणवते, कोणत्या आवाजाला स्पिंडल उघडून पुन्हा बांधला पाहिजे, हे जाणणारे जोडारी निवृत्त झाले आणि त्यांचे ज्ञान कागदावर उतरलेच नाही. खासगी क्षेत्राने ही पोकळी काही अंशी भरून काढली. बंगळूर, राजकोट, कोइम्बतूर, पुणे येथे आज चांगली यंत्रे बनतात. राजकोटच्या ज्योती सीएनसीने २००७ मध्ये फ्रान्समधील ह्युरॉन ही नामवंत कंपनी विकत घेतली, हा मोठाच टप्पा होता. असे असले तरी देशाला लागणाऱ्या मशीन टूलचा मोठा हिस्सा अद्याप परदेशांतून येतो. देशात बनणाऱ्या यंत्रांतही अतिअचूक बेअरिंगे आणि संगणकीय नियंत्रक यांसाठी जर्मनी, जपान यांसारख्या देशांकडे पाहावे लागते. पुण्याजवळ चिंचवडला आणि गुजरातेत वडोदऱ्याला बेअरिंगांचे मोठे कारखाने अनेक दशके चालू आहेत. पण मोटारीच्या चाकाचे बेअरिंग आणि वेगवान स्पिंडलचे बेअरिंग यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याची मागणी लाखांत असते, दुसऱ्याची हजारांत. बाजारपेठ लहान म्हणून गुंतवणूक नाही, आणि गुंतवणूक नाही म्हणून क्षमता नाही, असे हे चक्र आहे.

पाणबुडी, निर्बंध आणि कुलपे

परदेशांतून मिळते आहे तोवर बिघडले कोठे, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९८७ मध्ये उघडकीस आले की, जपानच्या तोशिबा मशीन या कंपनीने नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीच्या नियंत्रकांसह बहुअक्षीय मिलिंग यंत्रे काही वर्षांपूर्वी सोव्हिएत संघाला विकली होती. पाणबुड्यांचे पंखे कमी आवाज करतील इतक्या अचूकपणे कापण्यासाठी ती वापरली गेली, असा अमेरिकेचा आरोप होता. संतप्त अमेरिकी लोकप्रतिनिधींनी संसद भवनासमोर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. घरगुती उपकरणांसाठी जगाला माहीत असलेल्या नावावर मशीन टूलमुळे ही पाळी आली. तेव्हापासून ही यंत्रे केवळ व्यापाराची वस्तू उरली नाहीत. ती सामरिक वस्तू झाली.

१९९६ मध्ये अस्तित्वात आलेल्या वासेनार व्यवस्थेच्या नियंत्रण यादीत अचूक बहुअक्षीय यंत्रांचा समावेश आहे. भारत डिसेंबर २०१७ मध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला, त्यामुळे पूर्वीच्या काही अडचणी सैल झाल्या. तरीही परदेशी बनावटीच्या अनेक प्रगत यंत्रांत अशी सोय असते की, निर्मात्याच्या परवानगीविना यंत्र जागेवरून हलविले तर ते बंद पडते. विकत घेतलेल्या यंत्राचे कुलूप विकणाऱ्याच्याच हाती राहते. २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर रशियाला हाच अनुभव आला. पाश्चात्त्य देश आणि जपान यांनी पुरवठा रोखला आणि रशियाला यंत्रांसाठी चीनकडे वळावे लागले. एका अवलंबित्वातून सुटका झाली ती दुसऱ्या अवलंबित्वात. भारताची स्थिती रशियासारखी नाही, आणि तशी होण्याचे कारणही दिसत नाही. पण स्पिंडल बिघडला की तो दुरुस्तीसाठी सातासमुद्रापार पाठवावा लागतो आणि यंत्र आठवडेच्या आठवडे बंद राहते, हा अनुभव घेण्यासाठी निर्बंधांची वाट पाहावी लागत नाही.

शांत मोटारीतला आवाज

सामरिक बाजू क्षणभर दूर ठेवली, तरी महाराष्ट्रापुढे असलेला प्रश्न अगदी दाराशी आला आहे. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर या पट्ट्यातील हजारो लहान उद्योग मोटारींचे सुटे भाग बनविण्यावर जगतात. मोटार विजेवर धावू लागली की इंजिनाचे कित्येक भाग लागतच नाहीत. जे उरतात त्यांत गिअर प्रमुख. आणि विजेच्या मोटारीतील गिअरची कसोटी कठोर असते. इंजिनाच्या घरघरीत पूर्वी जो गिअरचा आवाज बुडून जाई, तो आता प्रवाशाला स्पष्ट ऐकू येतो.

या आवाजाचा एक प्रकार अभियंत्यांना चक्रावून टाकतो. दातांच्या संख्येशी ज्याचा काहीच संबंध लागत नाही, असा सूर गिअरमधून निघतो. शोध घेतल्यावर पुष्कळदा असे आढळते की, गिअर घासणाऱ्या ग्राइंडिंग यंत्राच्या कंपनांनी दाताच्या पृष्ठभागावर मायक्रॉनहूनही लहान लाटा उमटवलेल्या आहेत. नेहमीच्या मापनात तो गिअर निर्दोष ठरतो. मोटारीत बसवला की गातो. म्हणजे यंत्राच्या स्पिंडलची थरथर यंत्रासोबत कारखान्यातच राहत नाही. ती ग्राहकाच्या मोटारीत जाऊन बसते. ज्या पुरवठादाराकडे आपल्या यंत्रांच्या कंपनांची नोंद नाही, त्याला आपला माल का परत आला हेही कळणार नाही. विजेच्या मोटारींचे युग रोजगार हिरावणार की देणार, याविषयी परिसंवाद झडत असताना, त्याचा काही अंशी निकाल अशा लाटांवर लागणार आहे.

उपाय आवाक्यातले

यावर एक आक्षेप संभवतो. सेन्सर स्वस्त झाले आहेत, यंत्रे इंटरनेटला जोडली जात आहेत. तेव्हा कंपनांची चिंता संगणकावर सोपवावी, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. सेन्सर आजचा आकडा सांगतो. तो बरा की वाईट हे ठरवायला यंत्र नवे होते तेव्हाचा आकडा हवा, आणि सहसा तोच कोणाकडे नसतो. शिवाय सेन्सर बिघाडाची वर्दी देतो; स्पिंडल एकसारखे बनवून देत नाही. तापमापक घरात आणल्याने प्रकृती सुधारत नाही.

तेव्हा पहिली गरज आहे ती प्रत्येक स्पिंडलच्या जन्मपत्रिकेची. आज यंत्र ताब्यात घेताना बहुधा डायल गेज लावून, दांडा हाताने वा सावकाश फिरवून तो किती डोलतो ते पाहिले जाते. ही चाचणी आवश्यक आहे, पण ती थांबल्यासारख्या स्पिंडलची आहे. धावत्या अक्षाची अचूकता मोजण्याच्या रीती आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या २३०-७ या मानकात दिलेल्या आहेत. स्पिंडलच्या आवरणावरून कंपने मोजून त्यांचे मूल्यमापन करण्याविषयी याच संघटनेने २०१४ मध्ये तांत्रिक अहवालही प्रसिद्ध केला. त्यात मिनिटाला ६०० ते ३०,००० फेऱ्यांच्या स्पिंडलचा विचार आहे. म्हणजे पद्धती शोधावयाची नाही, वापरावयाची आहे. वेगवेगळ्या वेगांना, थंड व तापलेल्या स्थितीत घेतलेली कंपनांची नोंद यंत्रासोबत देणे निर्मात्याने सुरू केले, तर खरेदीदार दोन यंत्रांची तुलना माहितीपत्रकावरून नव्हे, तर वस्तुस्थितीवरून करील. हे घडवून आणण्यासाठी कायद्याची गरज नाही. मोठ्या मोटार कंपन्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीच्या अटींत एक परिच्छेद वाढविला तरी पुरे.

सरकारी खरेदीबाबत तर हे विशेषच लागू पडते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने आणि सरकारी कारखाने यांच्या निविदांत सर्वांत कमी किंमत हाच निकष प्रभावी ठरतो. स्वस्तात आलेले यंत्र थरथरते, त्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याला थरथर हाच यंत्राचा स्वभाव वाटतो, आणि हीच समजूत घेऊन तो कारखान्यात जातो. अशा खरेदीत किती पैसे वाचले हे सांगता येते. किती हात बिघडले हे सांगता येत नाही.

दुसरी गरज सामाईक चाचणी केंद्रांची. कंपनमापक उपकरणे, तोल साधणारी यंत्रे, नैसर्गिक वारंवारता मोजण्याचा हातोडा आणि हे सारे वापरू जाणणारा अभियंता, हा खर्च दहा कामगारांच्या कारखान्याला परवडणारा नाही. पण औद्योगिक वसाहतीला परवडणारा आहे. भांडवली वस्तूंच्या योजनेत सामाईक अभियांत्रिकी सुविधा केंद्रे आणि चाचणी केंद्रे यांची तरतूद आहेच. गरज आहे ती अशी केंद्रे महानगरांतील संस्थांच्या आवारापुरती न ठेवता शिरोली, अंबड, वाळूज येथील कारखानदाराला दुपारी स्पिंडल नेऊन संध्याकाळी अहवाल मिळेल इतकी जवळ नेण्याची.

तिसरी बाब दुरुस्तीची. स्पिंडलचे आयुष्य संपते ते बहुधा टूल आदळल्याने, कूलंट बेअरिंगात शिरल्याने किंवा टूल पकडून धरणाऱ्या स्प्रिंगा शिथिल झाल्याने. मग तो दुरुस्तीला जातो. नवी बेअरिंगे बसवून, फिरवून दाखवून परत येतो. पण किती दाब दिला, कोणत्या प्रतीचा तोल साधला, कंपने किती, यांचा कागद सोबत येत नाही. काही महिन्यांत तो पुन्हा बिघडतो आणि दोष कामगाराच्या माथी मारला जातो. दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांसाठी प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राची व्यवस्था उभी करणे हे तुलनेने अल्प खर्चाचे काम आहे. निवृत्त जोडाऱ्यांचे ज्ञान उतरवून घेण्याचीही हीच जागा आहे, आणि त्यासाठी वेळ थोडा उरला आहे.

अतिअचूक बेअरिंगांचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटणारा नाही. पोलादाच्या शुद्धतेपासून ते गोळ्यांच्या गोलाईपर्यंत एक लांब साखळी त्यासाठी उभी करावी लागेल, आणि त्यास दहा-पंधरा वर्षांचे सातत्य लागेल. दर अर्थसंकल्पागणिक नाव बदलणाऱ्या योजनांतून ते साधणार नाही. जपान आणि जर्मनीने हे ज्ञान एका फटक्यात मिळविलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच काम किंचित अधिक चांगले करीत राहण्याच्या वृत्तीतून ते आले आहे.

सुरक्षिततेच्या आदेशाचे पुढे काय व्हायचे ते होईल. यंत्राने कामगाराचा हात कापू नये ही अपेक्षा किमान आहे, आणि ती पुरी झालीच पाहिजे. परंतु जो देश जगाचा कारखाना होऊ इच्छितो, त्याने याहून पुढची अपेक्षा बाळगली पाहिजे. किती यंत्रे विकली, किती टक्के भाग देशी होते, किती कोटींचे अनुदान दिले, या आकड्यांच्या पंक्तीत आणखी एक आकडा बसला पाहिजे: एका वर्षात बनलेल्या सर्व स्पिंडलांच्या कंपनांत आपापसांत किती फरक होता? तो आकडा आज कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही. ज्या दिवशी खरेदीदार तो मागू लागेल आणि निर्माता न बिचकता तो दाखवू शकेल, त्या दिवशी स्वावलंबनाच्या दाव्याला वेगळ्या पुराव्याची गरज उरणार नाही.